उघडं फाटक आणि पाचची मोजणी

रंगारी रविवारी जेवायला येणार हे बुधवारी ठरलं, आणि तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघी बहिणी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलू लागल्या. कामापुरतं म्हणजे दिवसाला साधारण चार तास, कारण दोघींनाही प्रत्येक गोष्ट कामाचीच वाटत असे.

मधलीला याची बातमी रोज फोनवर मिळत होती. सकाळी लॉन्ड्री उघडली, मशीनमध्ये पहिला कपड्यांचा भारा टाकला की आईचा फोन यायचा, आणि इस्त्री तापेपर्यंत मावशीचा. मधली खरं म्हणजे एकुलती एक. पण घरात सगळे तिला मधलीच म्हणत, कारण शाळेत जायच्या वयापासून ती आई आणि मावशी यांच्या मध्ये उभी होती. वडील लवकर गेले, मावशीने लग्न केलं नाही, आणि एका मुलीला दोन बायकांनी दोन दिशांनी वाढवलं. आता दोघी निवृत्त होऊन चार वर्षांपूर्वी एका घरात राहायला आल्या होत्या. मधलीला वाटलं होतं, एकत्र राहिल्या की भांडणं कमी होतील. कमी झालं ते फक्त फोनचं बिल.

थोरली, म्हणजे मधलीची आई, छत्तीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं तिने पुसलेली होती, म्हणून गाव तिला बाई म्हणे आणि हळूहळू घरातलेही तेच म्हणू लागले. धाकटी मावशी तुरुंगात अधिकारी होती. शेवटची अकरा वर्षं तर अख्खा तुरुंग तिच्या हाताखाली होता. आता अनोळखी माणसाला हे सांगितलं की तो हमखास समजे, तुरुंगवाली कडक असेल, माणसावर विश्वास न ठेवणारी असेल, आणि बालवाडीवाली मऊ, भाबडी. प्रत्यक्षात अगदी उलट होतं.

"चार वर्षांचं मूल निरागस असतं असं ज्याला वाटतं," बाई म्हणत, "त्याने एका खोलीत सोळा मुलं आणि एकच तीनचाकी सायकल ठेवून बघावी. माणूस जन्मतो तो ओरबाडतच. रांग, गाणं, हात धुणं, 'आता तिची पाळी', हे सगळं बाहेरून शिकवावं लागतं. आणि शिकवलेलं विसरायला त्याला एक सुट्टी पुरते."

मावशीचं म्हणणं वेगळं. "तीस वर्षांत मला मुळातून वाईट असा एकही माणूस भेटला नाही," ती म्हणे. "कुणाला घर नव्हतं, कुणाला शाळा नव्हती, कुणाच्या बापाचा हात सैल होता. माणसाला नीट वागवा, तो नीट वागतो."

बाई दर निवडणुकीत जुन्या वळणाच्या पक्षाला मत देत, मावशी सुधारणावाल्यांना. दोघी एकाच बसने मतदानाला जात आणि एकाच बसने परत येत. मधलीचा नवरा, जो पाणीखात्यात फिटर होता आणि या घरात जावई एवढ्याच नावाने ओळखला जाई, त्याने एकदा सुचवलं होतं, "तुमची दोन मतं एकमेकांना खाऊन टाकतात. मग दोघी घरीच का बसत नाही?" मावशी लगेच तयार झाली. बाई म्हणाल्या, "ती मागच्या जिन्याने जाऊन मत देऊन येईल." त्यावर मावशीला इतका राग आला, की आठ दिवस तिने बाईंच्या हातचा चहा घेतला नाही.

आणि आता या घरातली एकुलती एक नात, ठकी, सव्वीस वर्षांची, सुतारकाम करणारी, कपाटं आणि जिने बनवणारी, एका रंगाऱ्याशी लग्न करायचं म्हणत होती. रंगारी तेहतीस वर्षांचा होता. तेविसाव्या वर्षी बांधकामांवरून तांब्याची तार चोरणाऱ्या टोळीची गाडी चालवताना तो पकडला गेला होता आणि दोन वर्षं तुरुंगात काढून आला होता. ठकीने यातलं काहीच लपवलं नाही. बुधवारी तिने आईला सांगितलं, लगेच आजीला फोन केला, आणि दोन्हीकडे तीच तीन वाक्यं त्याच क्रमाने सांगितली.

मधलीने तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "रविवारी आजीकडे जेवायला आण," एवढंच म्हणाली. नंतर ती कितीतरी वेळ एकाच चादरीला इस्त्री करत राहिली.

*

रविवारी बाराला दोन मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली आणि बाराच्या ठोक्याला बेल. बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराची साखळी काढली.

रंगारी उंच होता, थोडा वाकून चालणारा. नखांच्या कडेला पांढरा रंग राहिला होता, तो त्याने घासून घासून काढायचा प्रयत्न केल्याचं मधलीला दिसलं, कारण बोटं लाल झाली होती. शर्टाची इस्त्री घरची होती. कॉलर चुकली होती, पण बाही बरोबर होती. मधली माणसाकडे आधी असंच बघे.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. मग मागे उभ्या असलेल्या मावशीला पाहून त्याची पाठ आपोआप ताठ झाली. "नमस्कार मॅडम."

"बस, बस. बारीक झालास," मावशी म्हणाली.

बाईंनी वळून बहिणीकडे पाहिलं. "कधीपासून बारीक झाला?"

"म्हणजे?"

"बारीक झालास म्हणायला आधी जाडा पाहिलेला असावा लागतो. तो तुझ्याकडे होता हे मला माहीत आहे, त्याला नऊ वर्षं झाली. अलीकडे कधी पाहिलास?"

मावशीने बटाट्यांचं भांडं उगाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवलं. ठकीच म्हणाली, "आजी, वाचनालयाची कपाटं करत होते ना मी गेल्या वर्षी, तेव्हा रंगाला माणूस हवा होता. मावशीआजीनेच याचा नंबर दिला."

"असं," बाई म्हणाल्या. "म्हणजे हे स्थळ तू आणलंस."

"मी रंगारी आणला, ताई. पुढचं त्यांचं त्यांनी केलं."

"वर्षभर या घरात एका टेबलावर जेवलीस आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू काय म्हणाली असतीस?"

"जित्याची खोड," बाई म्हणाल्या, आणि पाहुण्यासमोर म्हण पुरी करायची नाही एवढी रीत पाळून त्यांनी भाताचा चमचा उचलला.

जावयाने प्रसंग ओळखून पाण्याचा विषय काढला. उत्तरेच्या टाकीची झडप बदलायची आहे, मंगळवारी पाणी येणार नाही. रंगाऱ्याने विचारलं, झडप पितळेची की लोखंडाची, आणि पाच मिनिटं ते दोघं झडपेवर असे बोलले की जणू लग्न झडपेचंच आहे. मधलीला नवऱ्याचं कौतुक वाटलं. सत्तावीस वर्षांत तो या दोघी बहिणींच्या मध्ये एकदाही पडला नव्हता, आणि तरी दोघी त्याला आपला समजत.

पण बाईंनी ताटातलं संपवलं आणि हात पुसले. बालवाडीत त्या असे हात पुसायच्या तेव्हा सोळा मुलं गप्प व्हायची.

"सकाळी किती वाजता उठतोस?"

"साडेपाचला."

"कामाला सात वाजता जात असशील. मधला दीड तास?"

"वडील माझ्याकडे असतात. त्यांना उठवतो, अंघोळ घालतो, नाश्ता देतो. खाली शेजारीण आहे, ती दहाला बघून जाते."

"रविवारी काय करतोस?"

"ताई, त्याची नोकरीसाठी मुलाखत नाहीये," मावशी म्हणाली. "त्याला हे विचार की त्याला पुढे काय करायचंय, मनात काय आहे."

"मनात काय आहे ते मनालाच माहीत नसतं. उठतो कधी ते घड्याळाला माहीत असतं." बाई पुन्हा रंगाऱ्याकडे वळल्या. "समजा उद्या तू चुकीच्या वाटेला लागलास. ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल?"

"आजी," ठकीने चमचा ठेवला.

"त्याला उत्तर देऊ दे."

"असा प्रश्नच चुकीचा आहे," मावशी आता खुर्ची मागे सरकवून बसली. "तू त्याला आधी चोर ठरवतेस आणि मग विचारतेस, चोरी कधी करणार. माणसाकडे संशयाने बघितलंस की तो संशयासारखा होतो. मी तुला कितीदा सांगितलंय. ते फाटक—"

जावयाने मधलीकडे पाहिलं आणि मधलीने पाण्याच्या भांड्याकडे. फाटकाची गोष्ट या कुटुंबात प्रत्येकाला पाठ होती. मावशीने ती स्वतःच्या निरोपसमारंभात सांगितली होती, नवीन अधिकाऱ्यांच्या वर्गात सांगितली होती, ठकीच्या सुतारकामाच्या शाळेत पाहुणी म्हणून गेली तेव्हा सांगितली होती. तुरुंगाच्या भिंतीबाहेर भाजीचा मळा होता, भोवती जाळीचं कुंपण आणि एक फाटक. एक दिवस मळ्यात बारा कैदी काम करत होते. पहारेकरी आजारी होता, म्हणून मावशी स्वतः थांबली होती. कचेरीतून बोलावणं आलं. तिने फाटक मुद्दाम उघडं ठेवलं, किल्ली फाटकाला तशीच लटकत ठेवली, आणि चाळीस मिनिटं आत जाऊन बसली. परत आली तेव्हा बाराच्या बारा जागेवर. एकही गेला नव्हता.

"बारा माणसं," मावशी म्हणाली. "न्यायालयाने ज्यांना नालायक ठरवलं ती. एकही नाही गेला. का? कारण त्यांना पहिल्यांदा कुणीतरी माणूस समजलं."

"उन्हाळा होता," बाईंनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. "आणि पाचला मोजणी असायची. जाऊन जातील कुठे?"

"बघ. हिला हे मान्यच होत नाही. अरे, तू सांग. तूही होतास ना त्या बारांत?"

रंगाऱ्याने हातातला पाव ताटाच्या कडेला ठेवला. मधली त्याच्या समोरच बसली होती, म्हणून तिला त्याचा चेहरा नीट दिसला. सोपं उत्तर त्याच्या ओठावर येऊन गेलं. तिने ते येताना पाहिलं आणि परत जाताना पाहिलं.

"होतो, मॅडम," तो म्हणाला. "पण मी गेलो होतो."

"कुठे?"

"बाहेर. तुम्ही आत गेल्यावर दहाएक मिनिटांनी. रस्त्याने वळणापर्यंत गेलो."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, त्याचा आवाज भिंतीतून चढत वर आला.

"वळणावर बस उभी होती," तो पुढे म्हणाला. आवाज बदलला नव्हता, फक्त शब्द हळू येत होते. "रिकामी. चालक खाली उतरून काच पुसत होता. म्हणाला, येतोस का? मी म्हटलं, नको, वाफ्याला पाणी द्यायचं राहिलंय. आणि परत आलो."

जावयाला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवलं, पण नीट लपलं नाही, आणि मग ठकीही हसली. तिला ही गोष्ट माहीत होती हे मधलीच्या लक्षात आलं.

मावशी हसली नाही. "गेलास," ती म्हणाली.

"हो."

"आणि परत का आलास?"

"बरीच कारणं होती, मॅडम. पाचची मोजणी होती, हे बाई म्हणतात ते खरंच आहे. वाफ्याचंही खरं होतं, कोबीची रोपं नुकती लावली होती. आणि वाटलं, तुम्ही मुद्दाम विश्वासाने उघडं ठेवलंय. एक जण कमी भरला तर तुमची नोकरी जाईल." त्याने पाव पुन्हा उचलला. "मी चांगला होतो म्हणून आलो असं नाही. चांगला असतो तर वळणापर्यंत गेलोच नसतो."

मग तो बाईंकडे वळला. "तुम्ही विचारलंत, कुणाच्या लक्षात येईल. वडिलांच्या. मी दहा मिनिटं उशिरा आलो तरी ते खिडकीत येतात. खालच्या शेजारणीच्या. ठकीच्या तर सगळ्यांत आधी. मी अजून स्टेशनच्या मागच्या बाजूला जात नाही, तिथे ती जुनी माणसं बसतात. रंगाचं दुकान तिकडेच आहे, जवळ पडतं, तरी लांबच्या दुकानातून आणतो. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही."

बाईंनी बटाट्यांचं भांडं उचललं आणि त्याच्या ताटात दोन बटाटे वाढले, न विचारता.

"मला मुलगा पसंत आहे," त्या म्हणाल्या.

ठकीने आजीकडे असं पाहिलं, जणू आजीच्या जागी दुसरीच कुणी बसली आहे. गेले चार दिवस तिने मावशीआजीच्या भरवशावर काढले होते. बाईंसाठी तिने उत्तरं तयार केली होती, रात्रभर पाठ केली होती, आणि त्यांतलं एकही लागलं नव्हतं.

"मावशीआजी?" ती म्हणाली.

मावशीने हातरुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मला विचार करायला हवा," ती म्हणाली. "जो माणूस स्वतःच म्हणतो, माझा माझ्यावर भरवसा नाही, त्याला मी आपली पोर कशी…" वाक्य तसंच सोडून ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार मात्र लावलं नाही. ते तिने कधीच लावलं नव्हतं.

"आता काय करायचं?" ठकीने आईला विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि ते भरले म्हणून तिला राग आला होता. "एक हो म्हणते तर दुसरी नाही म्हणते. आणि तू तर काहीच म्हणत नाहीस. मला काय माणसाच्या स्वभावाशी लग्न करायचंय? हा इथे बसलाय, याच्याशी करायचंय."

"मी बघते," मधली म्हणाली, आणि आयुष्यभर जे करत आली तेच करायला उठली.

*

मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. भिंतीवर निरोपसमारंभाचा फोटो होता. त्यात ती हात उंचावून काहीतरी सांगत होती आणि समोरचे सगळे हसत होते. काय सांगत होती हे मधलीला विचारावं लागलं नाही.

"बारा म्हणत आले मी," मावशी म्हणाली. "नऊ वर्षं. दोनशे-तीनशे लोकांना सांगितलं असेल. अकराच होते."

"बाराच होते. एक जाऊन आला."

"मोजणीला घाबरून."

"मोजणीला घाबरून, कोबीसाठी आणि तुझ्यासाठी. तिन्ही सांगितली त्याने. तू एकच ऐकलंस."

मावशीने मान हलवली. ही बाई मोठमोठ्या दंगेखोरांसमोर काठीशिवाय उभी राहिलेली होती, आणि आता शाळेत गणित चुकलेल्या मुलीसारखी दिसत होती. मधलीला तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की एरवी जे ती कधीच बोलली नसती ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"मावशी, मी एकदा पेन ठेवून घेतलं होतं."

"काय?"

"लॉन्ड्री सुरू केली त्या वर्षी. एका कोटाच्या आतल्या खिशात सापडलं. काळं, सोन्याचं टोक असलेलं. असल्या वस्तूंचा मला कधी मोह नव्हता. बावीस वर्षांत खिशांतून काय काय निघालंय, अंगठ्या, पत्रं, एकदा तर दातांची कवळी. सगळं पाकिटात घालून परत देते. पण ते पेन हातात बसलं. मी ते गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवलं. कोटवाले येऊन गेले, विचारलं, काही सापडलं का? मी नाही म्हटलं. सरळ तोंडावर."

"मग?"

"चार दिवस ठेवलं. रोज खण उघडून बघायची. पाचव्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन दिलं. मशीनच्या मागे पडलं होतं म्हटलं. त्यांनी मला फुलं पाठवली. त्या फुलांकडे बघवेना. ह्यांनाही कधी सांगितलं नाही मी हे."

मावशी तिच्याकडे वळून बसली होती. "परत का दिलंस?"

मधलीने विचार केला. इतक्या वर्षांत तिने स्वतःला हे विचारलं नव्हतं. "आईची भीती वाटली," ती म्हणाली. "आणि तुझी लाज वाटली."

बाहेर ताटं उचलल्याचा आवाज येत होता. मावशीने तिचा हात हातात घेतला. मग एकदम, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी विसरले होते."

"काय विसरलीस?"

"फाटक. मुद्दाम नव्हतं ठेवलं. कचेरीतून बोलावणं आलं, वरिष्ठांचा फोन होता, मी तशीच धावले. अर्ध्या तासाने किल्ल्यांसाठी खिशात हात घातला तर किल्ली नाही. मी मळ्यापर्यंत कशी गेले ते माझं मला माहीत. तिथे गेले तर सगळे वाकून काम करताहेत. त्यांच्यातला म्हातारा होता एक, तो म्हणाला, मॅडम, तुम्ही आमच्यावर विश्वास टाकलात. मी काय म्हणणार होते? नाही, विसरले?"

मधली हसायला लागली. आधी तिने आवरायचा प्रयत्न केला, पण मावशीचा तो अपराधी चेहरा पाहून तिला आवरेना, आणि शेवटी मावशीही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"चल," मावशी म्हणाली. "हे मला तिकडे सांगायला हवं. त्याने खरं सांगितलं, आणि मी इथे बसून राहू?"

*

बाहेर रंगारी ताटं धूत होता आणि जावई ती पुसत होता. बाई त्यांच्यामागे उभ्या राहून कपाटात कुठलं ताट कुठे जातं ते सांगत होत्या. ठकी खिडकीशी उभी होती, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. कैद्यांसमोर उभी राहायची तशीच उभी राहिली, पाय जुळवून.

"फाटक मी मुद्दाम उघडं ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "विसरले होते."

रंगाऱ्याने नळ बंद केला. साबणाचा फेस त्याच्या कोपरापर्यंत होता. "विसरला होतात?"

"साफ."

"आणि मी तर…" त्याने वाक्य पुरं केलं नाही. ओठांच्या एका कोपऱ्यातून हसू सुरू झालं आणि हळूहळू सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. "मॅडम, मी त्या विश्वासासाठी बस सोडली."

"आता सांग. मी विसरलेय हे तुला तेव्हा कळलं असतं, तर परत आला असतास?"

ठकीने हात सोडले. मधलीला वाटलं, याने निदान आता तरी हो म्हणावं. एक छोटंसं हो, कुणाचं काय बिघडतं. पण रंगारी खरोखरच विचार करत होता, कपाळाला आठी घालून, भिंतीला किती रंग लागेल याचा अंदाज घेतल्यासारखा.

"माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला.

"मलाही माहीत नाही," मावशी म्हणाली. "पण असं उत्तर देणारा माणूस खोटं बोलून माझ्या पोरीला फसवणार नाही, एवढं कळतं. माझं हो आहे." मग ती बहिणीकडे वळली, आता खरा घाव येणार अशा तयारीने. "बोल, ताई. मनसोक्त बोल. नऊ वर्षं मी लोकांना खोटी गोष्ट सांगितली."

बाईंनी पुसलेलं ताट जावयाच्या हातून घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि जागेवर ठेवलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"विसरलीस ते. त्याच संध्याकाळी तू मला फोन केला होतास. बोलत होतीस विश्वासाचं, आणि मागून सारखा किल्ल्यांचा आवाज येत होता. दर दोन वाक्यांनी किल्ल्या चाचपत होतीस. विश्वास टाकून आलेली बाई असं करत नाही."

"मग नऊ वर्षांत एकदाही बोलली का नाहीस? माझ्याशी भांडताना एवढं हत्यार हाताशी असून?"

बाईंना हा प्रश्न आवडला नसावा. त्यांनी आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. "लोकांना ती गोष्ट ऐकून बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "आणि बरं वाटलं की माणसं थोडा वेळ बरी वागतात. मला तेवढा वेळ पुरतो."

मावशी पुढे आली आणि बहिणीच्या हातातलं फडकं काढून घेतलं. दोघी क्षणभर अगदी जवळजवळ उभ्या राहिल्या, आणि मधलीला पहिल्यांदाच त्यांच्या मध्ये जाण्याची गरज वाटली नाही. ती खुर्चीवर बसली. रंगारी अजून फेसाळलेले हात वर धरून उभा होता, म्हणून तिने त्याला टॉवेल दिला.

"इस्त्री तुम्ही स्वतः केलीत का?" तिने विचारलं.

"हो. कॉलर जमली नाही."

"उलट्या बाजूने करायची असते, टोकांकडून मध्ये," मधली म्हणाली. "ये एकदा दुकानात. दाखवते." तुम्हीचा तू कधी झाला ते तिलाही कळलं नाही. ठकीला मात्र कळलं. ती मागून येऊन आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

जावयाने शेवटचं ताट ठेवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी बहिणींच्या मध्ये पडायचं धाडस केलं.

"मग तारीख कुठली धरायची?" त्याने विचारलं.

दोघी एकदमच बोलल्या, आणि दोन वेगवेगळ्या तारखा बोलल्या.